जुनं मेंडोलिन : आवाज, अस्सलपणा आणि किंमत



आपल्या सोसायटीला २५ वर्षं पूर्ण झाली. स्मरणिका समितीने सांगितलं, "पार्किंग, पाण्याची टाकी आणि लिफ्टवर लिहिणारे पुष्कळ आहेत, तुम्ही वाद्यांबद्दल काहीतरी द्या." म्हणून हा लेख. विषय मुद्दाम असा निवडला, की जो एका वाद्याचा असला तरी आपल्या सगळ्यांच्या घरांशी जुळेल. जुनी वस्तू हातात आली की आपण पहिला प्रश्न विचारतो, "किती येतील हो याचे?" मग तो आजोबांचा ग्रामोफोन असो, तांब्याचा बंब असो, नाहीतर माळ्यावर गाठोड्यात बांधलेलं मेंडोलिन असो.

मेंडोलिन आपल्याला परकं नाही. हिंदी चित्रपटसंगीत ऐकत मोठ्या झालेल्या माणसाने ते हजार वेळा ऐकलेलं असतं, फक्त नाव माहीत नसतं. संगीतकार सज्जाद हुसेन यांचा मेंडोलिनवरचा हात दंतकथेसारखा सांगितला जातो. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले लक्ष्मीकांत शांताराम कुडाळकर संगीतकार होण्याआधी मेंडोलिनवादक म्हणूनच स्टुडिओत उभे राहिले. आणि १९९५च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'मध्ये मोहरीच्या शेतात नायकाच्या हातात जे वाद्य दिसतं, ते तर आपल्या मुलांनाही ठाऊक आहे.

पण जुन्या मेंडोलिनची पारख कशी करायची, हे ज्या वाद्यावरून जग शिकलं, ते वाद्य आपल्याकडचं नाही. ते अमेरिकेतलं आहे. त्याची गोष्ट ऐकली, की आवाज, अस्सलपणा आणि किंमत या तीन वेगळ्या गोष्टी कशा आहेत आणि आपण त्यांची कशी खिचडी करतो, हे लख्ख दिसतं.

नेपल्स ते कॅलमझू

मेंडोलिन मूळचं इटलीचं. आज आपण ओळखतो तो घाट नेपल्स शहरात ठरला. पाठ भोपळ्यासारखी फुगीर, लाकडाच्या पातळ फाकी एकमेकींना चिकटवून केलेली. तारांच्या चार जोड्या, म्हणजे आठ तारा, आणि त्या व्हायोलिनच्याच स्वरांत लावलेल्या. त्यामुळे व्हायोलिन येणाऱ्याची बोटं मेंडोलिनवर आपोआप पडतात. एकोणिसाव्या शतकात नेपल्सच्या वीनाच्चा घराण्यातल्या कारागिरांनी पोलादी तारांचा ताण सोसेल असं वाद्य केलं आणि त्याचा आवाज खणखणीत झाला.

१८८०मध्ये स्पेनच्या वादकांचा एक ताफा अमेरिकेत गेला आणि त्याने तिथल्या लोकांना वेड लावलं. गंमत म्हणजे त्यांच्या हातातलं वाद्य मेंडोलिन नव्हतंच, त्याचं चुलतभावंड बांदुरिया होतं. पण तिथल्या इटालियन वादकांनी संधी साधली, मेंडोलिनं हातात घेतली आणि गावोगावी मेंडोलिनचे वाद्यवृंद उभे राहिले. गोल पाठीच्या, पट्ट्यापट्ट्यांच्या या वाद्याला अमेरिकन लोकांनी पुढे नावही ठेवलं, 'टेटर बग', म्हणजे बटाट्यावरचा किडा!

मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावी ऑर्व्हिल गिब्सन नावाचा एक कारागीर होता. त्याने विचार केला, की व्हायोलिनची तबली आणि पाठ जशी जाड लाकडातून कोरून घुमटाकार काढतात, तसं मेंडोलिन का करू नये? १८९८मध्ये त्याला त्याचं पेटंट मिळालं आणि १९०२मध्ये त्याच्या नावाने कंपनी निघाली. कंपनीने संगीत शिक्षकांनाच विक्रेते केलं आणि हप्त्याने वाद्यं विकली. शिक्षक वाद्यवृंद काढायचे आणि वाद्यवृंदाला लागणारी वाद्यं कंपनीकडून यायची. धंद्याची ही हुशारी पंधरावीस वर्षं छान चालली.

लॉइड लोअरची सही

१९१९मध्ये या कंपनीत लॉइड लोअर हा माणूस आला. तो स्वतः वादक होता, ध्वनिशास्त्राचा जाणकार होता. लाकूड कोरणारे हात कारखान्यातल्या कारागिरांचे होते, पण ते कसं कोरायचं हे त्याने ठरवलं. १९२२मध्ये बाजारात आलेल्या एफ-५ या मेंडोलिनमध्ये त्याचं डोकं दिसतं. गोल भोकाऐवजी व्हायोलिनला असतात तशा दोन वळणदार खाचा दिल्या. दांडी लांब केली, त्यामुळे घोडी तबलीच्या मध्याजवळ आली. तबलीच्या आतल्या बाजूला लाकडाच्या दोन लांब पट्ट्या बसवल्या आणि तबली, पाठ, पट्ट्या ठोकून ठोकून, ऐकून ऐकून घासल्या. आपल्याकडे मिरजेचे कारागीर तंबोऱ्याचा भोपळा आणि तबली कानाने पारखतात, तसाच हा प्रकार.

वाद्य तयार झालं की आत दोन लेबलं लागायची. एकावर मॉडेल आणि अनुक्रमांक. दुसऱ्यावर, या वाद्याचे भाग तपासून, सुरात लावून ते पसंत केलं आहे अशा अर्थाचा मजकूर, तारीख आणि लोअरची सही. ही सही आज वाद्यांच्या दुनियेतल्या सगळ्यात महागड्या सह्यांपैकी एक आहे.

त्या वेळी मात्र तिला कोणी विचारलं नाही. एफ-५ची किंमत होती २५० डॉलरच्या घरात आणि त्या काळात फोर्डची साधी मोटार ३०० डॉलरच्या आत मिळत होती! शिवाय मेंडोलिनची लाट ओसरली होती, जॅझचं आणि बॅंजोचं युग सुरू झालं होतं. वाद्य खपेना. १९२४च्या अखेरीस लोअर कंपनीतून बाहेर पडला. १९४३मध्ये तो गेला. आपण केलेलं वाद्य जगातलं सर्वोत्तम मेंडोलिन मानलं जाईल, हे त्याला त्याच्या हयातीत कळलंच नाही.

न्हाव्याच्या दुकानातलं वाद्य

लोअरच्या मृत्यूनंतर थोड्याच काळाने, १९४०च्या दशकाच्या मध्याला, बिल मन्रो नावाच्या गायक-वादकाला मायामीत एका न्हाव्याच्या दुकानात एक जुनं एफ-५ दिसलं. आतल्या लेबलावर तारीख होती ९ जुलै १९२३, अनुक्रमांक ७३९८७. त्याने ते १५० डॉलरला घेतलं. म्हणजे २० वर्षं जुनं झाल्यावर वाद्याची किंमत वाढली नव्हती, उलट उतरली होती. जुनं झालं की भाव चढतो, हा आपला समज इथेच खोटा ठरतो.

मन्रोच्या 'ब्लू ग्रास बॉइज' या ताफ्यावरून एका आख्ख्या संगीतप्रकाराला ब्लूग्रास हे नाव मिळालं. त्यात मेंडोलिन नुसतं गोड वाजत नाही. चार-पाच वाद्यांच्या गलबल्यात ते ठेका धरतं. तारा दाबून, लगेच सोडून काढलेला कोरडा, लाकडी 'चॉप' तालवाद्यासारखा ऐकू यायला लागतो. लोअरने बहुधा गोऱ्या मंडळींच्या सभ्य वाद्यवृंदासाठी केलेलं वाद्य डोंगराळ भागातल्या या रांगड्या संगीतात चपखल बसलं. मन्रोचं ऐकून पुढच्या प्रत्येक वादकाला तसलंच मेंडोलिन हवंसं झालं. सही केलेली एफ-५ मेंडोलिनं मुळात काही शेकड्यांतच, मागणी मात्र वाढत गेली. आज सगळं मूळचं असलेल्या अशा वाद्याला १ लाख डॉलरच्या वर भाव आहे. भाव वाद्यात शिरला तो एका माणसाच्या हातातून.

अस्सलपणा कसा बघतात

आता पारखीकडे वळू. घर घेताना आपण आधी कागदपत्रं बघतो, मग भिंती, मग शेजार. इथेही तसंच.

पहिला कागद म्हणजे लेबल. पण लेबल हा पुरावा नव्हे, तो फक्त दावा. व्हायोलिनच्या बाबतीत स्ट्रॅडिवेरियस नावाची छापील लेबलं कारखान्यांनी अक्षरशः हजारोंनी चिकटवली. म्हणून जाणकार लेबलाचा अनुक्रमांक, तारीख आणि वाद्याचे बाकीचे तपशील एकमेकांशी ताडून बघतात. उदाहरणार्थ, खालीवर करता येणाऱ्या घोडीचं पेटंट १९२१चं आहे. १९१५च्या म्हणून दाखवलेल्या गिब्सन मेंडोलिनवर तशी घोडी असेल, तर एकतर घोडी नंतर बदलली किंवा सांगितलेलं साल चुकीचं. दांडी वाकू नये म्हणून आत बसवलेली लोखंडी सळईसुद्धा त्याच सुमाराची.

दुसरं, पॉलिश. लोअरच्या वाद्यांना व्हार्निश होतं, नंतरच्या काळात लॅकर आलं. जुनं व्हार्निश अतिनील दिव्याखाली वेगळ्या रंगात चमकतं, त्यामुळे कुठे नंतर हात फिरला ते डागासारखं दिसून येतं. व्यापाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे : मूळ पॉलिश खरवडून नवं चकचकीत दिलं, की वाद्याची किंमत साधारण निम्म्यावर येते. आपण दिवाळीला फर्निचरवर जे प्रेमाने करतो, ते जुन्या वाद्यावर केलं तर थेट खिशाला चाट.

तिसरं, बदललेले भाग. पडदे झिजतात, ते बदलणं म्हणजे गाडीचे टायर बदलणं. त्याचं फारसं कोणी मनावर घेत नाही. तारा पिळायच्या चाव्या बदलल्या तर थोडा फरक पडतो, जुन्या जपून ठेवल्या असतील तर कमी. पण दांडी बदलली, तबली बदलली, तर ते वाद्य निम्मं दुसरंच झालं.

आणि आता खरी अडचण. लोअरच्या काळातल्या बऱ्याच वाद्यांत तबलीखाली लाकडाची एक लहान चकती टांगलेली असायची. तिला विर्झी म्हणतात. आवाजाला गोडवा येईल, या कल्पनेने ती बसवली होती. ब्लूग्रासवाल्यांना गोडवा नको होता, त्यांना दणका हवा होता. कित्येकांनी ती चकती काढून टाकली. वादकाच्या कानाला वाद्य सुधारलं. संग्राहकाच्या वहीत ते बिघडलं, कारण एक मूळ भाग गेला. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. तेव्हा 'चांगलं मेंडोलिन' म्हणताना आधी विचारावं, कोणासाठी चांगलं?

आवाज कसा बघतात

आवाजाच्या पारखीला दिवा लागत नाही, वेळ लागतो. आठ तारांचा मिळून ताण साधारण पाऊणशे किलो असतो आणि तो रात्रंदिवस त्या पातळ लाकडावर असतो. म्हणून आधी वाद्याचं स्ट्रक्चरल ऑडिट. घोडीखाली तबली खचली आहे का, आतली पट्टी सुटली आहे का, दांडी पुढे झुकली आहे का. बोटाने हलकेच ठोकलं आणि आतून खुळखुळ आली, तर काहीतरी सुटलेलं आहे. बाराव्या पडद्यावर तार दाबली की मोकळ्या तारेचाच स्वर वरच्या सप्तकात अचूक यायला हवा.

मग वाजवणं. तारा नव्या, दोन वाद्यांची तुलना करायची तर दोन्हींवर एकाच जाडीच्या, वाजवणारा एकच आणि धूनही एकच. खालचा स्वर भरदार आहे का, वरचा टोचतो का, मधल्या दोन तारा दबतात का, जोरात छेडल्यावर आवाज फाटतो की वाढतो, हे ऐकायचं. आणि स्वतः वाजवून झालं, की ते दुसऱ्याच्या हातात देऊन दहा फुटांवर उभं राहायचं. मांडीवर गोड वाटणारं वाद्य खोलीच्या पलीकडे पोचतच नाही, असं पुष्कळदा होतं.

डोळ्यांना या कामातून शक्य तितकं बाजूला ठेवायचं. गिब्सनच्या महागड्या मेंडोलिनांना वरच्या बाजूला गोगलगाईच्या शंखासारखं एक वळण असतं. ते दिसायला सुरेख आणि घडवायला कठीण, म्हणून किंमत वाढवतं. आवाजात त्याचा वाटा नगण्य. त्याच कारखान्याची, त्याच काळातली साध्या थेंबाच्या आकाराची मेंडोलिनं कितीतरी स्वस्त मिळतात आणि वाजतात छान.

व्हायोलिनवर झालेला एक प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. २०१०मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिसला २१ वादकांना अंधुक खोलीत, डोळ्यांवर गडद चष्मे लावून सहा व्हायोलिनं वाजवायला दिली. तीन जुनी, कोट्यवधी किमतीची, स्ट्रॅडिवेरियससकट, आणि तीन नवी. सगळ्यांत जास्त पसंती मिळाली ती एका नव्या व्हायोलिनला, आणि जुनं कोणतं, नवं कोणतं हे बहुतेकांना ओळखता आलं नाही. याचा अर्थ जुनी वाद्यं वाईट असा नाही. अर्थ इतकाच, की कान जे ऐकतो त्यात लेबलाची भर आपणच घालतो.

तुकड्यांची किंमत

आता पुन्हा मन्रोच्या वाद्याकडे, कारण ही गोष्ट अजून संपलेली नाही.

१९५०च्या सुमारास त्याने ते दुरुस्तीला कंपनीकडे पाठवलं. सांगितलेली सगळी कामं झाली नाहीत, असं त्याचं म्हणणं. रागाच्या भरात त्याने चाकूने वाद्याच्या माथ्यावरचं कंपनीचं नाव खरवडून काढलं. तसंच, नाव नसलेलं वाद्य घेऊन तो पुढची तीसेक वर्षं वाजवत राहिला. १९८०मध्ये समेट झाला आणि कंपनीने माथा नव्याने करून दिला.

मग नोव्हेंबर १९८५मध्ये त्याच्या घरात कोणीतरी शिरलं आणि शेकोटीच्या लोखंडी सळईने त्याची दोन मेंडोलिनं फोडली. हे कोणी केलं, ते कधीच सिद्ध झालं नाही. ७३९८७ क्रमांकाच्या वाद्याच्या चिरफाळ्या झाल्या. कंपनीचा कारागीर चार्ली डेरिंग्टन याने त्या गोळा केल्या, एकेक तुकडा भिंगाखाली जुळवला आणि महिनोन् महिने खपून १९८६च्या फेब्रुवारीत वाद्य उभं करून मन्रोच्या हातात दिलं. मन्रोने ते पुन्हा मंचावर नेलं आणि पुढची अनेक वर्षं वाजवलं. १९९६मध्ये तो गेला.

अस्सलपणाच्या तक्त्यात हे वाद्य बसवून बघा. पॉलिश झिजलेलं, नाव खरवडलेलं, माथा नवा, तबली चिकटवलेली. कोणीही व्यापारी चष्मा काढून म्हणेल, भाव पडला. प्रत्यक्षात २००५मध्ये नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम या संग्रहालयाकडे ते ११ लाख २५ हजार डॉलरला आलं. निष्कलंक राहिलेल्या त्याच्या भावंडांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त. त्याच तारखेची, ९ जुलै १९२३ची, आणखीही वाद्यं जगात आहेत. सही तीच, लाकूड बहुधा त्याच ढिगातलं. त्यांना तो भाव नाही, कारण त्यांच्यावर ते पन्नास वर्षांचं वाजवणं नाही.

आपल्या माळ्यावरचं मेंडोलिन

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे क्वचित एखादं गिब्सन असेल, पण बहुतेक वाद्यं भारतात बनलेली सपाट पाठीची, किंवा कोणी बोटीवरून आणलेली गोल पाठीची असतात. गोल पाठीच्या मेंडोलिनमध्ये नेपल्सचं लेबल दिसलं, म्हणून लाखांची स्वप्नं बघू नका. ती त्या काळी ढिगाने बनली. कालाचे किंवा एम्बर्गर अशा नामवंत कारागिरांची वगळता बाकीच्यांना बाजारात फारसा भाव नाही. पण म्हणून ती भंगारवाल्याचीही नाहीत.

चार गोष्टी पाळाव्यात. पहिली, पुसायला कोरडं मऊ फडकं घ्या, फर्निचर पॉलिश लावू नका. दुसरी, माळ्यावर ठेवू नका. उन्हाळ्यातल्या गरमीने सरस सैल होतो आणि पावसाळ्याच्या दमटपणाने लाकूड फुगतं. कपाटात, पेटीत, ओल शोषणारी पुडी टाकून ठेवा. तिसरी, वाजवत नसाल तर तारा सैल करा आणि गोल पाठीच्या वाद्याला जाड तारा कधीही चढवू नका, तबली खचेल. चौथी, जुना सुटलेला भाग, मग ती मोडकी चावी का असेना, फेकू नका.

आणि किंमत विचारण्याआधी ते कोणाकडून तरी वाजवून घ्या. पाचसहाशे रुपयांच्या तारांत आणि एखाद्या चांगल्या कारागिराच्या दोन तासांत कळतं, की यात जीव आहे की नाही. बाजारभाव हा तर वर्षागणिक हलतो. २००८च्या मंदीनंतर लोअरच्या मेंडोलिनांचे भावही खाली आले होते. लाकूड तेच, सही तीच, आवाज तोच, फक्त घेणाऱ्याच्या खिशात पैसे नव्हते.

अस्सलपणाचा आग्रह धरणाऱ्यांसाठी आणखी एक नाव. आंध्रात जन्मलेले यू. श्रीनिवास यांनी लहानपणीच मेंडोलिनवर कर्नाटक संगीत वाजवून मोठमोठ्या विद्वानांना थक्क केलं. त्यांना गमकं हवी होती, खर्जाचे स्वर हवे होते. आठ तारांच्या जोड्यांवर ते जमेना. त्यांनी जोड्या काढल्या, पाच एकेरी तारा लावल्या, वीज जोडली. नेपल्सच्या कारागिराने हे मेंडोलिन आहे असं मान्य केलं असतं की नाही, कोण जाणे. पण २०१४मध्ये अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते गेले, तेव्हा दक्षिणेतल्या रसिकांना मेंडोलिन म्हटलं की तेच आठवत होते.

म्हणून आवाज कानाला विचारावा, अस्सलपणा जाणकाराला विचारावा आणि किंमत बाजाराला. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या तोंडी घालू नये. लेबल कितीही खरं असलं तरी ते फक्त वाद्य जन्मलं कधी ते सांगतं. ते जगलं कसं, हे झिजलेल्या पडद्यांवर आणि दांडीवरच्या बोटांच्या खुणांवर दिसतं.

आपल्या इमारतीचंही कन्व्हेयन्स, ताळेबंद आणि ऑडिटचे अहवाल कार्यालयाच्या कपाटात व्यवस्थित आहेत. तेही हवेतच. पण जिन्याच्या कठड्याला २५ वर्षांत हातांनी जी चकाकी आणली आहे, ती कुठल्याच अहवालात येत नाही. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत एखाद्या घरातलं माळ्यावरून उतरलेलं मेंडोलिन वाजवायला शिकलेल्या नातवाचा लेख यावा, एवढी इच्छा. सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा!

— एक सभासद, बी विंग